सतरा नंबरची शेवटची कुपी

सतरा नंबर म्हणजे ताईंचा सख्खा थोरला भाऊ, हे प्रयोगशाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. एका जुन्या सरांना ठाऊक होतं, पण ते आधी निवृत्त झाले आणि मग जगातूनच गेले. बाकीच्यांच्या लेखी सतरा नंबर म्हणजे कातडीच्या पेशींचा एक नमुना, टाकीत पिवळ्या टोपणाच्या कुपीत गोठवून ठेवलेला. मूळ बारा कुप्या होत्या. आता एकच उरली होती, आणि महिनाअखेर तीही फेकली जाणार होती.

हे मॅडमनी सोमवारी सांगितलं. मॅडम म्हणजे विभागाच्या प्रमुख. ताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण वागायला चांगल्या, नावं ठेवायला जागा नाही.

"ताई, नव्या इमारतीत आपल्याला टाकी अर्धीच मिळणार आहे. ज्यांनी आजवर काही दिलं नाही ते नमुने काढून टाकू. यादी मी केलीय, तुम्ही फक्त एकदा नजर घाला."

तीन, आठ, सतरा, एकवीस. ताईंनी नजर घातली आणि "बरं" म्हणाल्या. आणखी काय म्हणणार? टाहो फोडणार? तीस वर्षं पेशींची निगा राखणारी बाई, जिच्याकडे विभागातले सगळे "ताईंना विचारा" म्हणून बोट दाखवतात, ती एका कुपीसाठी रडली असती तर लोकांनी रजेचा अर्ज आणून दिला असता. त्यांनी यादीची घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि काचेच्या कपाटाशी उगाच उभ्या राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे त्या कुपीत? दोन थेंब पाणी आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी. म्हणा ना! ताई स्वतःलाही हेच सांगायच्या. पण दादाचं जिवंत असं जगात तेवढंच उरलं होतं, आणि ते ताईंच्या हाताखाली होतं. याला वेडेपणा म्हणायचं तर म्हणा, पण ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं.

दादा बस चालवायचा. सकाळची पहिली बस त्याची, म्हणून साडेपाचला त्याची अंघोळ ठरलेली. थंडी असो, ताप असो, साडेपाच म्हणजे साडेपाच. मग आजार आला. हात जड झाले, बोटं वळेनात, स्टिअरिंग सुटलं. तरी साडेपाचची अंघोळ काही सुटली नाही. "बस गेली, पण आमच्या साहेबांची वेळ गेली नाही," असं वहिनी तेव्हा म्हणायच्या, आणि दादा आतून ओरडायचा, "पाणी काढा, गाडी सुटेल!"

आजार काय होता ते ताईंना घरातल्या कुणापेक्षाही नीट कळत होतं, आणि हीच पंचाईत होती. पेशीत हजारो प्रथिनं तयार होतात. कुणी कुठे जायचं हे प्रत्येकाच्या पुढच्या टोकाला लिहिलेलं असतं, प्रथिनाच्या माळेतल्या वीस-पंचवीस मण्यांच्या एका छोट्या तुकड्यात. शास्त्र त्याला सिग्नल पेप्टाइड म्हणतं, ताई आपल्या साधं 'पत्ता' म्हणायच्या. पत्ता बरोबर असला की प्रथिन पेशीच्या आतल्या गोदामात शिरतं, तिथून पुढे रवाना होतं. काही तर एक्झोसोम नावाच्या बारीक पुड्यांत बांधून पेशीबाहेर शेजारच्या पेशीला पोचवली जातात. पेशींना शेजारधर्म कळतो, माणसांचं काय सांगावं. दादाच्या अंगात पेशीतला केर काढणारं एक प्रथिन भरपूर तयार व्हायचं, पण त्याच्या पत्त्यात एक मणी चुकलेला. म्हणून ते जिथे जन्मायचं तिथेच पडून राहायचं, आणि केर साचत जायचा.

जुन्या सरांना ताईंनीच सांगितलं. कातडीचा तुकडा काढायला दादा स्वतःच्या पायांनी आला होता. "घे गं, काढ. जाड आहे, संपायची नाही," म्हणाला. त्या पेशी वाढवून, त्यांना बरोबर पत्त्याचं प्रथिन बनवायला शिकवायचं, आणि ते पुड्यांत भरून बाहेर येतं का ते बघायचं, असा बेत होता. आलं असतं तर पुढे औषधाचा मार्ग दिसला असता. दादाला त्याचा उपयोग व्हायचा नव्हता हे त्यालाही माहीत होतं. पेशी तयार होऊन कुप्यांत गोठल्या, त्याच महिन्यात तो गेला. त्याला नऊ वर्षं झाली.

आणि नऊ वर्षांत सतरा नंबरने काही दिलं नाही. प्रथिनाला एक खूण जोडलेली होती. ती खूण बाहेरच्या पाण्यात सापडली की समजायचं, पुडी बाहेर आली. पेशी ज्या गुलाबी पाण्यात वाढतात ते दर तिसऱ्या दिवशी बदलावं लागतं. पहिली दोन वर्षं ते जुनं पाणी ताईंनी कितीदा तपासलं. पट्टीवर काळी रेघ उमटायला हवी होती, पट्टी कोरी ती कोरीच. मग सरांनी नाद सोडला, मॅडम आल्या, त्यांनी दुसरं काम काढलं. सतरा नंबर टाकीत मागे ढकलला गेला.

ताईंनी मात्र एक गोष्ट केली, जी कुणाला सांगितली नाही. वर्षातून एक-दोनदा त्या एक कुपी काढायच्या, उबेत ठेवायच्या, आणि त्या पेशी जगतील तितकं त्यांना जगवायच्या. काम नव्हतं काहीच. दर तिसऱ्या दिवशी जुनं पाणी ब्लीचच्या बादलीत ओतायचं, नवं घालायचं, आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून पुटपुटायचं, "जेवलास का?" बस. कातडीच्या पेशी काही अमर नसतात, ठरावीक वेळा दुभंगतात आणि मग थकतात. बारातल्या तीन कुप्या आधी तपासण्यांत गेल्या होत्या, पुढच्या आठ अशा सोबतीत संपल्या. ज्या बाईने अख्ख्या विभागाला "कुपी जपून वापरा" म्हणून झापलं, तिने स्वतः हे केलं! पण घरी जाऊन करायचं काय होतं? दोन खोल्या, एक कप, एक ताट, आणि कुलूप उघडताना आतून कुणाचा खोकलासुद्धा नाही. दिवसभरात ज्याला "जेवलास का" विचारता येईल असा सतरा नंबरच होता.

नाही म्हणायला वहिनी होत्या. दुसऱ्या गावात, दादाच्याच घरात, एकट्या. दर रविवारी अकराला त्यांचा फोन यायचा. "काय वन्सं," अशी सुरुवात. लग्नात कुणीतरी थट्टेने शिकवलेला तो जुना शब्द त्यांच्या तोंडी तसाच राहून गेला होता. "काही विशेष नाही, सहज केला." आणि मग शेजारणीचं मांजर, जिन्यातला दिवा, आणि गीझर. तो गीझर तर ताईंच्या डोक्यात गेला होता. साडेपाचला लावला की सहापर्यंत पाणी तापत नाही, कालपासून नुसता घुमतोय, परवा पुन्हा बंद पडला. दादाचा विषय नाही. नऊ वर्षांत एक शब्द नाही. ताईंना त्याचा राग यायचा, आणि राग आला की त्या आणखी गोड बोलायच्या. "माणूस बोलवा वहिनी, दुरुस्त करून घ्या. ठेवू?" की ठेवला. 'विसरली बाई,' असं त्यांनी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. जन्मभर संसार केला आणि उरलं काय, तर गीझर!

तर सोमवारी यादी आली, आणि बुधवारी स्टोअरवाले वर आले. हे गृहस्थ म्हणजे विभागाची सामानखोली सांभाळणारे. जिभेला हाड नाही, पण मनाने निर्मळ. खोकं आलं की त्यावरचा पत्त्याचा कागद दारातच फाडून टाकायची त्यांना खोड होती, कारण रिकामी खोकी त्यांना पुन्हा वापरायला लागत. त्या दिवशीही बर्फात गुंडाळलेली एक छोटी बाटली त्यांनी ताईंच्या टेबलावर आणून आपटली.

"अहो, पुन्हा कागद फाडलात?" ताई तडकल्या. "कुणाचं, कुठून आलं, काही कळायला नको?"

"आत माल आहे ना, ताई? मग झालं तर. पत्ता दारापर्यंतच लागतो. दार आलं की त्याचं काम संपलं. तुम्ही तो फाटका कागद काय कवटाळून बसता? कागद नाही सापडला म्हणून माल आलाच नाही असं म्हणणार का?"

"शहाणे आहात," ताई म्हणाल्या, आणि त्यांची नजर कपाटाच्या तळाकडे गेली.

स्टोअरवाले त्यांच्याकडे बघतच राहिले. "रागावलात का?"

"नाही हो. तुम्ही जा आता."

ते गेल्यावर ताई कपाटाच्या तळातली वह्यांची चळत उपसायला बसल्या. नऊ वर्षांपूर्वीची वही सापडली. त्यात त्यांच्याच अक्षरात प्रथिनाचं चित्र होतं. डावीकडे खूण, मग पत्ता, मग लांबलचक प्रथिन. खाली लिहिलेलं, 'खूण सर्वात पुढे लावू, म्हणजे आधी दिसेल.' सूचना ताईंची, आणि सरांची सही.

पत्ता दारातच कापला जातो! प्रथिन गोदामाच्या दारातून आत शिरलं की तिथली कात्री पुढचा तुकडा छाटून टाकते. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. ताईंनी ते स्वतः कितीतरी मुलांना शिकवलं होतं. आणि त्यांनी खूण लावली होती पत्त्याच्याही पुढे. पत्त्याबरोबर खूणही दारातच कापली जात असणार, आणि आतलं प्रथिन बिनखुणेचं पुढे जात असणार. त्या दोन वर्षं फाटका कागदच शोधत बसल्या होत्या. आणि माल? तो त्यांनी स्वतःच्या हाताने ब्लीचच्या बादलीत ओतला होता. कपाळावर हात मारून घ्यावा तर कपाळ तरी एकच.

खरंच तसं होतं का, हे बघायचा उपाय आता होता. बर्फातली ती बाटली मॅडमनी दुसऱ्या कामासाठी मागवली होती. त्यातलं औषध खुणेला नाही, थेट त्या प्रथिनालाच ओळखायचं. सरांच्या वेळी असं काही मिळत नव्हतं. फक्त तपासायला सतरा नंबरचं वापरलेलं पाणी हवं. आणि पाणी हवं तर जिवंत पेशी हव्यात. आणि पेशी होत्या एका कुपीत.

दोन दिवस ताईंना घास गोड लागला नाही. कुपी ठेवली तर महिनाअखेर फेकली जाणार. वापरली तर तीन आठवडे जगणार आणि मग संपणार. म्हणजे दोन्हीकडून गमवायचंच होतं. चोरून दुसऱ्या नंबराखाली लपवावी, असंही एकदा मनात येऊन गेलं. टाकीचं झाकण उघडून, वर येणाऱ्या गार वाफेत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. लपवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मग दादाने कातडी दिली ती कशाला, टाकीत पडून राहायला? हयातभर पहिली बस वेळेवर सोडलेला माणूस तो, आगारात उभं राहणं त्याला कधी मानवलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मॅडमना चूक सांगितली. दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही ढकलली. "खूण चुकीच्या जागी लावली होती. मी लावली होती." मॅडमनी वही बघितली, मग ताईंकडे बघितलं. "करा," म्हणाल्या.

कुपी ताईंनी मुठीत धरून कोमट पाण्याशी नेली. दीड मिनिटात बर्फ विरघळला. पेशी बाटलीत गेल्या, तळाला चिकटायला त्यांनी दोन दिवस घेतले, म्हाताऱ्या झाल्या होत्या बिचाऱ्या. पण चिकटल्या. तिसऱ्या दिवशी ताईंनी पाणी बदललं आणि जुनं पाणी कित्येक वर्षांत पहिल्यांदाच बादलीत न ओतता बर्फावर ठेवलं. असं तीनदा. "जेवलास का?" त्यांनी विचारलं, आणि या खेपेला आजूबाजूला कुणी आहे का तेही बघितलं नाही.

मग ते पाणी भन्नाट वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घातलं, तळाशी बसलेल्या पुड्या वेगळ्या केल्या, पट्टी केली, नवं औषध लावलं. दुपारी तीनला पडद्यावर चित्र आलं.

रेघ होती. कोळशासारखी काळीभोर, जाड. इतकी जाड की मॅडमना वाटलं यंत्राचं काहीतरी बिघडलं.

"ताई!" मॅडमनी त्यांचा दंडच धरला. "अहो, केवढं आहे हे! बाहेर येतंय, ढिगाने येतंय! आधीचं पाणी कुठे जपून ठेवलंय का? थोडं तरी?"

"नाही. ओतून दिलं."

"सगळं?"

"सगळं. नऊ वर्षांचं."

"असू दे. सतरा नंबरच्या आणखी कुप्या?"

"एकही नाही. ही शेवटची होती. बाकीच्या मी संपवल्या."

ताईंना वाटलं, आता बोलणी बसणार, आणि बसायलाच हवीत. पण मॅडम हसल्या. "काही बिघडत नाही. पत्ता काम करतो हे कळलं ना? आता हेच कुठल्याही पेशीत घालता येईल. ताज्या पेशी मागवू. सतरा नंबरची गरजच नाही आता." मग पडद्याकडे बघत सहज म्हणाल्या, "कोण होता हो हा, काही माहिती आहे?"

"बस चालवायचा," ताईंच्या तोंडून निघून गेलं.

नमुन्यामागचा माणूस प्रयोगशाळेत कुणाला माहीत नसतो, नसावाच लागतो. मॅडमची मान सावकाश वळली. त्यांनी ताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि आपली खुर्ची ताईंपुढे सरकवली. ताई बसल्या.

पेशी पुढे आठ दिवस जगल्या. फुगल्या, पसरल्या, एकेक करत सुटल्या. ताईंनी त्यांना शेवटपर्यंत वेळच्या वेळी पाणी दिलं. शनिवारी तळ मोकळा दिसला. त्यांनी बाटली धुवायच्या ट्रेमध्ये ठेवली आणि घरी गेल्या. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. फक्त घर नेहमीपेक्षा मोठं वाटलं. दोन खोल्यांचं घर, तरी मोठं वाटलं.

रविवारी अकराला फोन वाजला.

"काय वन्सं, झाला का चहा?"

"झाला. तुमचा?"

"झाला आपला. काही विशेष नाही, सहज केला." मग मांजराला पिल्लं झाल्याचं सांगून झालं. जिन्यातला दिवा. आणि मग, "तो गीझर मेला पुन्हा बिघडला बघा. साडेपाचला लावते, तर सहापर्यंत कोमटसुद्धा होत नाही पाणी."

माणूस बोलवा वहिनी, हे शब्द ताईंच्या ओठांवर आलेच होते. पण तोंडून निघालं भलतंच.

"वहिनी, तुम्ही अंघोळीला किती वाजता जाता?"

"मी? माझं काय, आरामात. नऊ होतात. का हो?"

"मग साडेपाचला गीझर कुणासाठी लावता?"

पलीकडे कुठेतरी नळ ठिबकत होता, तेवढा ऐकू आला. फोन कट झाला की काय म्हणून ताईंनी तो कानापासून दूर धरून बघितला.

"लावते आपली," वहिनी शेवटी म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "बादली काढून ठेवते. सहा वाजले की बंद करते. नाही केलं तर दिवसच सुरू होत नाही माझा. हसाल तुम्ही."

"नाही हसत."

"कुणाला सांगायचं हो हे? लोक म्हणतील, डोकं फिरलंय हिचं. म्हणून मी आपलं गीझरचंच सांगते."

आता मात्र ताईंना रडू आवरलं नाही. नऊ वर्षं हा फोन दर रविवारी येत होता, आणि त्यांनी तो दर रविवारी दोन मिनिटांत ठेवून दिला होता. पदर नव्हता म्हणून त्यांनी टेबलावरच्या पेपरनेच नाक पुसलं. पलीकडून वहिनी घाबरून "वन्सं, काय झालं? अहो वन्सं?" करत राहिल्या.

"काही नाही," ताई म्हणाल्या. "मी तुमच्याकडे येऊ का? पुढच्या रविवारी?"

"या की! विचारायचं काय त्यात? पण पाणी गरम मिळायचं नाही हं."

"चालेल. आपण दोघी साडेपाचला उठू आणि बघू त्या गीझरला काय धाड भरलीय ते."

वहिनी हसल्या. नाक ओढत हसल्या.

"साडेपाचला उठायचं तर मग शनिवारीच यावं लागेल तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"शनिवारीच येते," ताई म्हणाल्या. "ठेवू नका एवढ्यात. त्या मांजराला किती पिल्लं झाली म्हणालात?"